रक्तदाबाचे हेलकावे

‘काल संध्याकाळपर्यंत धडधाकट होता हो!’ हे उद्गार स्मशानाच्या वाटेवर ऐकावे लागले नाहीत, असा महिना अलीकडे गोमंतकात क्वचितच जातो. मृताचे वय पंचेचाळीस-पन्नास, अंगकाठी चांगली, व्यसन असलेच तर बेताचे, आजारपणाची रजा म्हणून कधी घेतलेली नाही. आप्तेष्ट दैवाला बोल लावतात, शेजारी हळहळतात आणि बाराव्या दिवसानंतर पत्नी बँकेची पासबुके शोधू लागते. आज आम्हांस या ‘धडधाकट’ शब्दाविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत. हृदयाचा किंवा मेंदूचा असा घात एका रात्रीत होत नसतो, त्याची पूर्वतयारी धमन्यांच्या आतल्या अस्तरात वीस-वीस, तीस-तीस वर्षे चाललेली असते, हे वैद्यकशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत नि:संशय दाखवून दिले आहे. आणि ती तयारी चालू असताना तो माणूस लौकिक अर्थाने निरोगीच असतो.

या गोष्टीचा पहिला मोठा धक्का बसला तो १९५३ साली. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी तेथील लष्करी डॉक्टरांनी केली आणि तिचे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले. हे सैनिक सरासरीने अवघे बावीस वर्षांचे होते. सैन्यात भरती होताना त्यांना ठोकून-बजावून पारखलेले होते. तरीही त्यांपैकी ७७ टक्क्यांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या कमीअधिक खुणा आढळल्या. कोणाच्या धमनीत नुसता मेदाचा पिवळा पट्टा होता, तर कोणाची धमनी बरीचशी बुजत आली होती. त्या वेळेपर्यंत हा विकार म्हणजे वार्धक्याचा पाहुणा, असे मानले जाई. तो विशीतच दाराशी येऊन बसतो, हे तेव्हा कळले.

हा अनुभव केवळ युद्धभूमीचा नाही. स्पेनमधील माद्रिद शहरात एका बँकेच्या चार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची तपासणी २०१० पासून सुरू झाली. ही सारी मंडळी चाळीस ते चौपन्न वयाची, रोज कामावर जाणारी आणि कसलीही तक्रार नसलेली. त्यांच्या गळ्याच्या, पोटाच्या आणि मांड्यांच्या धमन्या सोनोग्राफीने पाहिल्या, हृदयाच्या धमन्यांतील चुना क्ष-किरणांनी मोजला, तेव्हा ६३ टक्के लोकांत कोठे ना कोठे विकाराची सुरुवात झालेली आढळली. ज्यांना रक्तदाब नाही, मधुमेह नाही, जे धूम्रपान करीत नाहीत आणि ज्यांच्या रक्तातील चरबीही रूढ मर्यादेत आहे, अशांपैकीसुद्धा जवळजवळ निम्म्यांच्या धमन्या स्वच्छ नव्हत्या. मग ‘रक्तदाब नाही’ या दोन शब्दांचा अर्थ तरी काय, असा प्रश्न येथे वाचकाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहणार नाही.

तो अर्थ नीट लावायचा, तर आकडा येतो कोठून हे पाहावे लागते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली. पट्टा सैल होत असताना धमनीतून येणारे आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ठरविण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दिली. आज पाऱ्याची यंत्रे मागे पडून बॅटरीवर चालणारी आली, तरी मूळ कल्पना तीच आहे. मात्र या यंत्राने आपल्याला मिळतो तो एका क्षणाचा आकडा. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक ठोक्याचा दाब मागच्या ठोक्याहून थोडा वेगळा असतो. जिना चढला की दाब वाढतो, बोलू लागले की वाढतो, चहा, विडी, भीती, थंडी, तुंबलेली लघवी यांनी वाढतो. झोप लागली की तो उतरतो. निरोगी माणसात रात्रीचा दाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी कमी असतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक येतात, हे निरीक्षण आता जुने झाले आहे.

आम्हा किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. मांडवीला सकाळी अकराच्या ठोक्याला किती पाणी होते, एवढ्यावरून कोणी नदीची खोली सांगत नाही. भरती केव्हाची, ओहोटी केव्हाची, हे तो आधी विचारतो.

हे चढउतार आटोक्यात ठेवण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. गळ्यातील धमनी जेथे दुभंगते तेथे आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या चौक्या आहेत. दाब वाढला की त्या मेंदूला वर्दी देतात, मेंदू हृदयाची गती मंदावतो, लहान वाहिन्या सैलावतात आणि दाब खाली येतो. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे ओढले जाते, तेव्हा नेमकी उलट आज्ञा सुटते. शिवाय महाधमनी स्वत: लवचीक आहे. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, रक्ताचा काही भाग क्षणभर साठवून ठेवते आणि हृदय विसावले असताना तो पुढे ढकलते, त्यामुळे लहान वाहिन्यांना धक्के बसत नाहीत. ही लवचिकता ओसरू लागली, की वरचा आकडा अधिक उसळतो, खालचा अधिक उतरतो आणि वाहिनी ताठ झाल्यामुळे त्या चौक्यांचे कानही मंदावतात. अशा वेळी तेवढ्याच श्रमाने, तेवढ्याच रागाने दाबाचा हेलकावा पूर्वीपेक्षा मोठा होतो. उलट बाजूने, हे मोठे हेलकावे धमनीच्या अस्तराला, विशेषत: जेथे फाटे फुटतात त्या वळणांवर, इजा करतात; इजा झालेल्या जागी चरबी शिरते, पेशी जमतात, भिंत जाड होते आणि ताठरपणा आणखी वाढतो. आधी चढउतार की आधी ताठरपणा, हा बी आधी की झाड आधी यासारखाच वाद आहे आणि तो शास्त्रज्ञांत अद्याप मिटलेला नाही. रोगाचे चक्र दोन्हीकडून फिरते एवढे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

सरासरी रक्तदाबाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. दहा लाख प्रौढांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली दाखविण्यात आले, की ११५ वर ७५ या आकड्यापासून पुढे वरचा दाब दर २० नी वाढला, की चाळीस ते सत्तर या वयात हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणजे १४० ही काही सीमेवरची तपासणी चौकी नव्हे, की अलीकडे सारे सुरक्षित आणि पलीकडे सारे धोक्यात. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४ साली १२० ते १३९ या पट्ट्याला ‘वाढलेला रक्तदाब’ असे वेगळे नाव दिले, ते याच कारणाने. परंतु सरासरी सारखीच असलेल्या दोन माणसांत ज्याचा आकडा अधिक हेलकावतो त्याचे भवितव्य अधिक बिकट, असा पुरावाही आता साचला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० साली मेंदूच्या तात्पुरत्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांत हे दाखविले. ते रुग्ण होते, त्यांचे सोडा, असे कोणी म्हणेल. म्हणून अमेरिकेतील दुसऱ्या अभ्यासाकडे पाहावे. तेथे १९८५-८६ मध्ये अठरा ते तीस वर्षांचे पाच हजारांहून अधिक तरुण निवडण्यात आले. पहिल्या दहा वर्षांत पाच वेळा घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदी आणि पुढच्या वीसेक वर्षांतील त्यांची प्रकृती यांचा मेळ त्यांपैकी ३,३९४ जणांच्या बाबतीत घालून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तरुणपणी एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत ज्यांचा आकडा अधिक वरखाली होत होता, त्यांना मध्यम वयात हृदयविकार आणि मृत्यू यांनी अधिक गाठले, आणि सरासरी दाबाचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला. गळ्याच्या धमनीची भिंत सोनोग्राफीने मोजणाऱ्या अनेक अभ्यासांतही, चोवीस तासांत ज्यांचा दाब अधिक हेलकावतो त्यांची भिंत जाड असण्याचा कल दिसतो. हा संबंध सरासरी दाबाच्या संबंधाइतका ठाम नाही. त्याचे अवडंबर माजवू नये. पण दुर्लक्ष करण्याइतका तो किरकोळही नाही.

असे असताना आपल्याकडे रक्तदाब मोजला जातो तो कसा? कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की मंडप उभा राहतो, ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात आणि ‘भव्य आरोग्य शिबिरा’चा फलक झळकतो. रांगेतून पुढे सरकणारा माणूस उभ्या-उभ्याच टेकतो, हात लोंबता, पाय अधांतरी, तोंडाने शेजाऱ्याशी गोष्टी चालू. परिचारिका बिचारी तासात शंभर माणसे उरकते. या रीतीने निघालेल्या आकड्यावर कोणाला आयुष्यभराची गोळी मिळते आणि कोणाला ‘काही नाही, जा’ असा दाखला. हात कोठे ठेवला एवढ्यानेही केवढा फरक पडतो, हे अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीने दाखविले आहे. मेजावर टेकलेल्या हातापेक्षा मांडीवर ठेवलेल्या हाताचा वरचा आकडा सुमारे ४ ने आणि लोंबत्या हाताचा सुमारे ६.५ ने अधिक येतो. अर्ध्या गोमंतकाची ‘निरोगी’ आणि ‘रोगी’ अशी विभागणी असल्या मोजमापांवर होत असेल, तर शिबिराच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांकडे, आमच्याही कचेरीत, पाठविल्या जाणाऱ्या लाभार्थ्यांच्या संख्येला काय अर्थ उरतो?

दवाखान्यात गेल्यावरही दोन प्रकारचे चकवे असतात. काहींचा दाब डॉक्टरांचा पांढरा कोट पाहताच चढतो आणि घरी गेल्यावर उतरतो. त्यांना निष्कारण औषधे मिळण्याचा संभव असतो. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. दवाखान्याच्या खुर्चीवर आकडा निर्दोष, पण कचेरीतल्या ताणात, वाहन हाकताना किंवा रात्री झोपेत तो चढलेला. या दडलेल्या रक्तदाबाच्या माणसाला कोणी रुग्ण म्हणत नाही आणि तो स्वत:लाही रुग्ण समजत नाही. त्याच्या धमन्यांची झीज मात्र उघड रक्तदाबाच्या रुग्णाइतकीच जवळजवळ होत असते. त्याला पकडण्याचा उपाय म्हणजे चोवीस तास दंडावर राहून दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने नोंद घेणारे यंत्र. तेवढे शक्य नसेल तर घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शांतपणे केलेली मोजणीही पुष्कळ सांगून जाते.

गोमंतकाला याची चिंता अधिक का वाटावी, याचे एक कारण २०२३ साली राष्ट्रापुढे आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. याच पाहणीनुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेह धमनीला आतून पोखरतो आणि रक्तदाबाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूंनाही मंद करतो, तेव्हा दोहोंची जोडी म्हणजे काय हे सांगायला नको.

आमच्या राहणीतही या हेलकाव्यांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंत भरण्याची आमची परंपरा. खारे मासे, सुकी सुंगटे, मिठातली तोरे, मिस्कुट, पापड. पूर्वी चार महिने समुद्र बंद असे, तेव्हा याला पर्याय नव्हता. शेतात घाम गाळून आलेल्याला पेजेबरोबर खाऱ्याचा तुकडा बाधतही नसे. आता शीतपेटी घरोघर आहे, घाम गाळणारा शेतकरी दुचाकीवरून कचेरीत जातो, पण खारे आणि लोणचे पानावर तसेच आहे आणि त्यात पोदेराचा पाव, भजी, पुडक्यांतले फरसाण यांची भर पडली आहे. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात सरासरीने त्याहून बरेच अधिक पोटात जाते. (आमच्या मिठागरांपैकी किती आता बुजली, हा विषय निराळा, मीठ आमच्या आगरांतून गेले, ताटांतून गेले नाही.) चीनमधील ६०० खेड्यांत एकवीस हजार लोकांवर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वयंपाकाच्या मिठाचा चौथा भाग काढून तेथे पोटॅशियमचा क्षार घातला होता. एवढ्या साध्या बदलाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी उतरले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी मात्र असले मीठ डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरता नये.

मद्याविषयी लिहिले की काही वाचक रुसतात. तरी लिहिलेच पाहिजे. रात्री फेणीचे दोन-तीन प्याले घेणाऱ्याचा दाब पहिले काही तास उतरतो, आणि बारा-तेरा तासांनंतर, म्हणजे नेमका सकाळी, जेव्हा तो निसर्गत:च चढत असतो, तेव्हा नेहमीपेक्षा वर जातो. ‘घेतल्यावर प्रेशर खाली येते’ हा पारावरचा सिद्धान्त म्हणजे या अर्ध्या सत्याचे फळ होय.

याहूनही आम्हांस काळजी वाटते ती रात्रपाळीवाल्यांची. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतले कामगार, मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवरचे आणि हॉटेलांतले नोकर, दाबोळी-मोपाच्या विमानांसाठी अपरात्री गाडी काढणारे टॅक्सीचालक, इस्पितळांतल्या परिचारिका, अशी पंचविशी-तिशीची हजारो मुले-मुली दिवस आणि रात्र उलटसुलट करून जगत आहेत. रात्री जो दाब उतरायला हवा, तो यांच्यात पुरेसा उतरत नाही. ज्यांचा दाब रात्री उतरत नाही त्यांच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला अधिक इजा पोहोचते, हे सर्वमान्य आहे. त्यांच्या तपासणीचे आकडे दिवसा, नोकरीत घेतेवेळी नोंदलेले असतात. तार्वट्यांची तर आणखी वेगळी कथा आहे. जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीत पास व्हावे म्हणून दोन दिवस मीठ तोडण्याचे आणि कोणाची तरी गोळी घेण्याचे सल्ले दिले-घेतले जातात, असे आमच्या कानावर येते. पोटासाठी हे करणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. तपासणीचा अर्थच ‘नोकरी जाईल’ एवढा उरला, की माणूस आकड्याशी लपंडाव खेळू लागतो. कारखान्यांनी आणि हॉटेलांनी रात्रपाळीच्या नोकरांना वर्षातून एकदा चोवीस तासांची नोंद स्वखर्चाने करून द्यावी आणि तिच्यावरून कोणाला कामावरून काढता येणार नाही, अशी अट शासनाने घालावी, अशी आमची मागणी आहे.

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्याला प्राथमिक केंद्रातच उपचार सुरू करून गोमेकॉत पोहोचविण्याची व्यवस्थाही राज्यात उभी राहिली आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणाऱ्या भूमीला ते शोभणारेच आहे. पण झटका आल्यानंतरची धावपळ आणि तो येऊ नये म्हणूनची वीस वर्षे यांत खर्चाचा आणि लक्षाचा तोल अजून साधलेला नाही. प्रयत्न केले तर धमन्यांचे भवितव्य बदलते, याला पुरावा पुन्हा अमेरिकन सैनिकांचाच आहे. २००१ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत मृत्यू पावलेल्या सुमारे ३,८०० सैनिकांत हृदयधमन्यांचा विकार आढळला तो ८.५ टक्क्यांत. पाहण्याच्या पद्धती भिन्न, म्हणून दोन आकडे मापाला माप लावून तोलता येणार नाहीत. तरीही साठ वर्षांत घटलेले धूम्रपान आणि ताब्यात आलेला रक्तदाब यांचा त्यात वाटा आहे, असे अभ्यासक मानतात.

आमची सूचना साधी आहे. रक्तदाब मोजायला काय लागते? पाठ टेकेल अशी खुर्ची, हात ठेवायला मेज, पाय टेकायला जमीन आणि पाच मिनिटांची शांतता. मंडपात यांतले काहीही नसते. गावच्या वाचनालयात हे सारे आधीपासून आहे. गोमंतकातील वाचनालयांनी, आणि जेथे वाचनालय नाही तेथे देवस्थान समित्यांनी, एकेक प्रमाणित यंत्र घ्यावे. ते दोन-तीन हजारांत येते. एका नाटकाच्या रात्रीच्या खर्चात अशी कितीतरी होतील. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्याने चहा-विडीनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाच मिनिटे स्वस्थ बसावे, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह आपल्या वहीत लिहावेत. पहिल्या खेपेस दोन्ही दंडांवर मोजून ज्याचा आकडा अधिक तोच दंड पुढे वापरावा. बायाबापड्यांनाही यावेसे वाटेल अशी वेळ ठेवावी, कारण घरातल्या साऱ्यांचे औषधपाणी करणाऱ्या बाईचा दाब शेवटी, बहुधा कधीच, मोजला जात नाही. एखाद्या दिवसाचा आकडा चढलेला दिसला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये आणि शेजाऱ्याची गोळी तर मुळीच घेऊ नये. महिन्याची वही घेऊन आरोग्य केंद्रात जावे. आरोग्य खात्याने एवढेच करावे, की या यंत्रांची वर्षातून एकदा पडताळणी करून द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी निदान दोन मापांचे पट्टे पुरवावेत, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब नसता अधिक दिसतो.